उपयोग आणि आवड

‘खेळासाठी एवढा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न आपल्याकडे वडीलधारी मंडळी फार सहजपणे विचारतात. जे उपयोगाचे ते टिकते आणि जे केवळ मौजेचे ते काळाच्या ओघात वाहून जाते, असा समज त्या प्रश्नामागे असतो. तो कितपत खरा आहे, हे दोन उदाहरणांवरून पडताळून पाहू. त्यांपैकी एक साता समुद्रांपलीकडचे आहे, तर दुसरे आपल्या नौबादच्या पायाखालचे.

न्यूयॉर्क शहराच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर २६ जून १९२७ रोजी ‘सायक्लोन’ नावाचा रोलर कोस्टर सुरू झाला. पोलादी सांगाड्यावर लाकडी मार्ग, ८५ फूट उंची आणि सुमारे अर्ध्या मैलाची लांबी, असे त्याचे स्वरूप. साखळी गाडीला पहिल्या शिखरावर ओढून नेते आणि तेथेच तिचे काम संपते. पुढचा सारा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या बळावर चालतो. उतारावर वेग ताशी ६० मैलांपर्यंत जातो व तोच वेग गाडीला पुढच्या चढावर नेतो. घर्षणात काही शक्ती खर्ची पडत असल्यामुळे पुढचे प्रत्येक शिखर पहिल्यापेक्षा ठेंगणेच ठेवावे लागते. पदार्थविज्ञानाचा हा धडा तेथे माणसे किंकाळ्या फोडीत शिकतात!

पुढे या खेळाला उतरती कळा लागली. तो पाडून शेजारच्या मत्स्यालयाचा विस्तार करावा, असा बेत ठरला. मत्स्यालय हे ज्ञानदायी व उपयुक्त. त्यापुढे खेळण्याची काय किंमत? परंतु लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि दुरुस्ती होऊन १९७५ मध्ये सायक्लोन पुन्हा धावू लागला. १९८८ मध्ये नगराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला.

आता आपल्या गावाकडे वळू. बहामनी काळात, पंधराव्या शतकात, इराणी विद्येच्या आधारे नौबाद येथे ‘कारेझ’ म्हणजे भूमिगत जलमार्ग खोदला गेला. जांभ्या दगडातून झिरपलेले पाणी खालच्या कठीण काळ्या खडकावर अडते. ते भुयारात गोळा करून मंद उताराने वस्तीकडे नेण्याची ही योजना. वर ठिकठिकाणी हवा व उजेड देणारी उभी विवरे आहेत. येथेही मोट नाही की यंत्र नाही. सायक्लोनला धावविणारे गुरुत्वाकर्षणच येथे पाण्याला चालविते.

पाण्याहून उपयुक्त असे दुसरे काय असणार? तरीही या सुरंग बावीची विवरे माती-कचऱ्याने भरली, भुयारात गाळ साचला आणि २०१० नंतरच्या दशकात तो उपसण्याचे काम हाती घ्यावे लागले.

कोणी म्हणेल, की खेळाला तिकीट असते, म्हणून त्याची निगा राखली जाते. कारेझला कोण तिकीट काढणार? आक्षेपात तथ्य आहे. परंतु सायक्लोनवर पाडापाडीचे संकट आले, तेव्हा तिकीट होतेच. त्याने ते संकट टळले नाही. ते टाळले ते ममत्वाने. उलट, उपयोगाचे नाते मोठे कच्चे असते. घरात नळ आला, की विहिरीचा उपयोग सरतो आणि उपयोगाबरोबर तिची आठवणही सरते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की जुन्या वास्तू केवळ उपयोगाचा हिशेब मांडून जगणार नाहीत; त्यांच्याविषयी आवड निर्माण व्हावी लागेल. हे काम एकट्या सरकारचे नव्हे. शिक्षकांबरोबर आपण वर्षातून एकदा तरी कारेझचा मार्ग जमिनीवरून चालून पाहावा, त्याची विवरे मोजावीत, नकाशा काढावा आणि घरी आजी-आजोबांना त्याविषयी विचारावे. ज्या विवराशी आपली ओळख झाली, त्यात कचरा टाकण्यास हात धजावणार नाही. खेळण्यावर जीव जडविणाऱ्या परक्या नगराकडून पाण्यावर जीव जडविण्याची रीत शिकण्यात आपल्याला कोणताही कमीपणा नाही.