यादीत नसलेले गाव

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या शेजारची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी माझ्या संगणकापाशी येऊन बसली. पूर्वी असे अर्ज छापील कागदावर भरीत. आता ते संकेतस्थळावर भरावयाचे असतात. नाव, जन्मतारीख, शाळा, वडिलांचे उत्पन्न, सारे सुरळीत पार पडले. मग ‘मूळ गाव’ हा रकाना आला. तेथे आपल्या हाताने काही लिहिण्याची सोय नव्हती. दिलेल्या यादीतूनच गाव निवडावयाचे होते. जिल्हा सापडला, तालुका सापडला, परंतु तिचे गाव काही सापडेना. आणि गाव निवडल्यावाचून पुढचे पान उघडेना.

मी तिला व्यवहाराचा सल्ला दिला. म्हटले, “अगं, शेजारचे गाव निवड आणि मोकळी हो. दोन मैलांचे तर अंतर!”

ती म्हणाली, “काका, मग दाखल्यावर एक गाव आणि अर्जावर दुसरेच, असे होईल. शिवाय आमच्या गावची आणखी मुले अर्ज भरणार आहेत. त्यांनीही खोटेच लिहायचे का?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तिने संबंधित कार्यालयास पत्र धाडले: संकेतस्थळ चालत नाही, कृपया दुरुस्त करावे. ‘पुन्हा प्रयत्न करावा’, असे उत्तर आले. तिने चार दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. यादी होती तशीच होती. तेव्हा तिने दुसरे पत्र लिहिले. ते मात्र निराळे होते. कोणते पान, कोणता रकाना, कोणता तालुका, यादीत कोणत्या दोन नावांच्या मध्ये आपले गाव असावयास हवे होते, हे सारे तिने नोंदविले आणि पडद्यावर दिसणाऱ्या यादीचे चित्रही सोबत जोडले. या पत्रास ‘पुन्हा प्रयत्न करावा’ असे उत्तर देणे कोणासही शक्य नव्हते.

चिकाटी म्हणजे बंद दारावर धडका देत राहणे, अशी आपली समजूत असते. मला ती पटत नाही. दार का उघडत नाही, कडी अडकली की बिजागरी गंजली, हे पाहून आतल्या माणसास नेमके सांगणे आणि तो हालेपर्यंत सांगत राहणे, यालाच मी चिकाटी म्हणेन. अर्थात आतल्या माणसाला ऐकण्याची बुद्धी असली पाहिजे, हेही खरेच.

एका मुलीच्या अर्जावरून मी फारच मोठ्या गोष्टी बोलतो आहे, असे कोणास वाटेल. म्हणून अमेरिकेतील एक प्रसंग सांगतो. त्या देशात जुने दुखणे असलेल्या माणसास आरोग्यविमा मिळणे फार कठीण असे. विमा कंपन्या त्यास सरळ नकार देत. २०१० साली झालेल्या कायद्याने २०१४ पासून असा नकार देण्यास बंदी केली. विमा निवडता यावा म्हणून ३६ राज्यांतील लोकांसाठी सरकारने एक संकेतस्थळ उभारले. १ ऑक्टोबर २०१३ रोजी ते उघडले आणि पहिल्याच दिवशी कोलमडले. लक्षावधी माणसे आली. परंतु त्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती अवघ्या सहा जणांची! विम्याचे दर पाहण्याआधीच प्रत्येकाने स्वतःचे खाते उघडले पाहिजे, असा नियम केला होता, आणि सगळी गर्दी त्या उंबरठ्यावरच तुंबली.

अध्यक्ष ओबामा यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. संकेतस्थळ मोडीत काढावे, असेही काहींचे मत पडले. ते मोडीत न काढता दुरुस्तीसाठी बाहेरून कुशल अभियंते बोलावण्यात आले. त्यांना आढळले ते मोठे नवलाचे होते. यंत्रणेचा कोणता भाग चालू आहे व कोणता बंद, हे एका दृष्टिक्षेपात दाखविणारी साधी सोयच तेथे नव्हती! ती त्यांनी आधी केली. मग रोज सकाळ-संध्याकाळ बैठका सुरू झाल्या. बैठकीत दोष कोणाचा याची चर्चा करावयाची नाही. आणि बोलावयाचे ते ज्याला त्या बिघाडाची माहिती सर्वांत अधिक आहे त्याने, मग त्याचा हुद्दा कितीही लहान असो, असे त्यांचे नियम होते. आपल्याकडील किती बैठकांना हे नियम लावता येतील, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. दोन महिन्यांत चारशेहून अधिक दुरुस्त्या झाल्या आणि एका वेळी पन्नास हजार माणसे तेथे काम करू शकतील, असे डिसेंबरच्या आरंभी सरकारला सांगता आले.

बाहेरचे लोकही थांबले नव्हते. कोणी दूरध्वनीवरून, कोणी कागदी अर्जावर, कोणी साहाय्यकांसमोर बसून आपले काम पुढे रेटीत होते. ३१ मार्च २०१४ हा मुदतीचा शेवटचा दिवस. त्या दिवशीही संकेतस्थळ काही तास बंद पडले. परंतु ज्यांनी मुदतीत प्रयत्न आरंभिला होता, त्यांना अर्ज पुरा करण्यास आणखी अवधी देण्यात आला. राज्यांची स्वतःची संकेतस्थळे धरून ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी त्या हंगामात विमा निवडला.

एक आक्षेप मात्र मला मान्य केला पाहिजे. ज्याची दिवसाची मजुरी बुडते, त्याने संगणकापुढे किती दिवस बसावे? नागरिकांच्या सोशिकपणावर विसंबून कच्चे काम लोकांपुढे मांडणे हा अपराधच आहे, आणि चिकाटीची स्तुती करून तो झाकता येणार नाही. त्या मुलीपाशी वेळ होता, शेजारी संगणक होता आणि मुदत संपण्यास तीन आठवडे होते. हे सर्वांपाशी असत नाही. म्हणून ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी खोट्या गावावर बोट ठेवून पुढे जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

दुसऱ्या पत्रानंतर नवव्या दिवशी तिचे गाव यादीत आले. तिचा अर्ज गेला. पाठोपाठ तिच्या गावच्या आणखी चार मुलांचे गेले. मी अभिनंदन करावयास गेलो, तर ती पुन्हा काहीतरी लिहीत बसली होती. गावाच्या नावातील दीर्घ वेलांटी यादीत ऱ्हस्व पडली होती, आणि तिसरे पत्र त्यासाठी होते.