पंचवीस हजारांतला लॅपटॉप

पंचवीस हजारांच्या आत लॅपटॉप घ्यायचा असेल तर नवा कोरा घेऊ नका. एखाद्या कंपनीच्या ऑफिसात तीन-चार वर्षं चाललेला, तपासून-पुसून पुन्हा विक्रीला आलेला घ्या. हे मी दर जूनमध्ये कुणा ना कुणाला सांगते, आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. मुलगी बारावी झाली, तिला पहिल्यांदाच एवढी मोठी वस्तू घेऊन द्यायची, आणि तीही दुसऱ्याने वापरलेली? आपल्याकडे नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लागतं, पेढे वाटले जातात. त्या आनंदाची किंमत मला कळते. पण तोच नवा लॅपटॉप दुसऱ्या वर्षी सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं घेऊ लागतो, कॉलेजची असाइनमेंट अपलोड होताना हँग होतो, आणि मुलगी पुन्हा मोबाइलवर टायपिंग करायला लागते, तेव्हा घरातलं कुणीच त्या पंचवीस हजारांबद्दल बोलत नाही. साध्या घरात ही रक्कम सहज जमत नाही. म्हणून हा आग्रह.

आधी रोजचं काम म्हणजे काय ते पाहू. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, त्यात ठरावीक केबीच्या आत बसणारी कागदपत्रं जोडायची. सातबारा काढायचा. सोसायटीचा जमाखर्च एक्सेलमध्ये मांडायचा. प्रोजेक्ट लिहायचा, त्याची पीडीएफ करायची. व्याख्यानं पाहायची, परदेशातल्या लेकाशी व्हिडिओवर बोलायचं. यातल्या एकाही कामाला महागडं मशीन लागत नाही. मात्र यातलं जवळजवळ प्रत्येक काम ब्राउझरमध्ये होतं, आणि आजचा ब्राउझर रॅमच्या बाबतीत खादाड आहे. सात-आठ टॅब उघडले, त्यातल्या एकात व्हिडिओ चालू असला की ४ जीबी रॅमचं मशीन गुदमरतं. विंडोजला स्वतःलाच त्यातला निम्म्याहून अधिक वाटा लागतो.

दुकानाच्या दर्शनी भागात मांडलेले सगळ्यात स्वस्त नवे लॅपटॉप इथेच मार खातात. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण ही खालची मर्यादा ठेवली आहे. कंपन्या नेमक्या त्याच मर्यादेवर मशीन बांधतात आणि वर ‘विद्यार्थ्यांसाठी खास’ अशी चिठ्ठी लावतात. त्या मर्यादेत मशीन चालू होतं, इतकंच. त्यातली ६४ जीबी साठवण बहुतेकदा ईएमएमसी प्रकारची असते, म्हणजे मेमरी कार्डच्या कुळातली. विंडोजच्या मोजणीत ती ६० जीबीच्या आतच दिसते, त्यातला मोठा भाग विंडोज व्यापतं, आणि वर्षभरात एखादं मोठं अपडेट आलं की जागा पुरत नाही. मग फोटो उडवा, फाइली उडवा, हे सुरू होतं. रॅम संपली की मशीन साठवणीचाच रॅमसारखा वापर करतं. ती साठवणच मंद असली तर सगळंच रेंगाळतं. बरं, पुढे रॅम वाढवू म्हणावं तर रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली, ईएमएमसीही तशीच. दुरुस्तीवाला मागचं झाकण उघडतो, पाहतो आणि पुन्हा लावतो. त्याच्या हातात काहीच नसतं.

माझा खरा राग या बंद झाकणावर आहे. कमी पैशांतलं मशीन कमी ताकदीचं असणार, हे मान्य. पण कमी पैशांत घेणाऱ्यालाच ते पुढे वाढवण्याची, दुरुस्त करण्याची गरज सगळ्यात जास्त असते, आणि नेमकी त्याच्याच मशीनमधून ती सोय काढून टाकलेली असते.

स्वस्त लॅपटॉपची कल्पना निघाली तेव्हा असं नव्हतं. २००५ साली एमआयटीच्या निकोलस निग्रोपॉन्टे यांनी जगातल्या गरीब मुलांसाठी १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ हे त्या उपक्रमाचं नाव. २००७ मध्ये तो हिरवा-पांढरा, कानासारख्या दोन अँटेना असलेला लॅपटॉप तयार झाला, आणि त्याच वर्षी भारतातली त्याची पहिली चाचणी आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्याशा शाळेत झाली. किंमत १०० डॉलरवर आलीच नाही, ती दोनशेच्या आसपास राहिली. रॅम अवघी २५६ एमबी. भारतात हा उपक्रम पुढे रुजला नाही. शिक्षकांची तयारी करून न घेता यंत्रं वाटून काय साधणार, ही त्यावरची टीका मला आजही रास्त वाटते. पण ते यंत्र ज्या विचाराने बांधलं होतं तो विचार मला फार मोलाचा वाटतो. मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला त्याचा पडदा भर उन्हात वाचता यायचा, कारण पुष्कळ मुलांची शाळा झाडाखाली भरते. कळफलक अखंड रबराचा, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून. आणि साध्या स्क्रू ड्रायव्हरने तो लॅपटॉप उघडता येत असे. एखादा स्क्रू हरवलाच तर हँडलच्या आत जादा स्क्रू ठेवलेले होते. गावातल्या मुलानेच ते उघडावं आणि नीट करावं, हे त्यात धरून चाललेलं होतं.

आज बाजारात हा विचार जिवंत आहे तो ऑफिसांसाठी बांधलेल्या लॅपटॉपमध्ये. हजार-हजार मशीन एकदम घेणारी कंपनी ‘बिघडलं तर फेकून द्या’ हे ऐकून घेत नाही. तिच्या आयटी विभागाला दहा मिनिटांत कीबोर्ड बदलता यायला हवा. म्हणून लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ ही २०१८ च्या आसपासची मशीन आजही उघडून पाहावीत अशी आहेत. रॅमचे दोन स्लॉट, बदलता येणारी एसएसडी, सुटे भाग बाजारात भरपूर. टी४८० ची मागची बॅटरी तर खटका दाबून हाताने काढता येते. हिंजवडी, ऐरोली, बेंगळुरूतल्या कंपन्या तीन-चार वर्षांनी अशी मशीन बदलतात. त्यातली काही भाडेकराराने घेतलेली असतात, करार संपला की परत जातात. तिथून ती घाऊक व्यापाऱ्यांकडे येतात, आणि साफसफाई होऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या जिल्ह्याच्या गावातल्या एखाद्या गाळ्यात ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळतात. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेलं चांगलं मशीन पंचवीस हजारांच्या आत येतं, बहुतेकदा काही पैसे हातात उरतात.

पण इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या जवळजवळ कुठल्याच प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची मशीन ऑफिसांनी काढून टाकली आणि ती ‘आय५, फक्त अमुक हजार’ अशा पाटीखाली येतात. नुसत्या ‘आय५’ ला काही अर्थ नाही. पुढचा आकडा वाचा. आय५-६३००यू म्हणजे सहावी पिढी, आय५-८३५०यू म्हणजे आठवी. हा फरक कागदावरचा नाही. आठव्या पिढीत इंटेलने या वर्गातल्या आय५ चे कोअर दोनाचे चार केले, त्यामुळे सातवीपेक्षा आठवीचं मशीन कामातही बरंच पुढे आहे. सातव्या पिढीवर काही दुकानदार युक्तीने विंडोज ११ चढवून देतात. ते चालतं, पण पुढची अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार ज्या मशीनवर करायचे ते असं असू नये.

दुकानात गेल्यावर घाई करू नका. चकचकीत स्टिकर लावून झाकलेलं वरचं आवरण पाहण्यापेक्षा बिजागऱ्या पाहा. एका हाताने पडदा उघड-मीट करा, तो डुलता कामा नये. प्रत्येक की दाबा. पूर्ण पांढरा पडदा लावून डाग शोधा. दुकानदाराला बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. विंडोजमध्ये तशी सोय आहे, एक मिनिट लागतं. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. आजची निम्म्यावर आली असेल तर नवी बॅटरी घालून मागा किंवा किंमत कमी करून घ्या. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाता येतं का ते पाहा, पासवर्ड मागितला तर ते मशीन नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्यासमोर मशीन रीसेट करायला लावा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून नेटला जोडा. सुरुवातीच्या पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदणीत अडकलेलं आहे. आज नाही तर पुढच्या फॉरमॅटला ते तुमच्या हातात बंद पडेल. बिल जीएसटीचं घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी तोंडी मान्य करू नका.

आणखी एक परीक्षा मी प्रत्येकाला करायला लावते. मशीनवर मराठीत अर्धं पान टाइप करा. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक हे दोन्ही मराठी कळफलक आधीच असतात, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायचे एवढंच. असं टाइप केलं की कीबोर्ड बोटांना कसा लागतो ते कळतं, आणि पडदाही कळतो. १३६६ बाय ७६८ चा हलका पडदा असेल तर बारीक अक्षरात ऱ्हस्व-दीर्घ उकार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. इंग्रजी वाचणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही, मराठी वाचणाऱ्याला दहा मिनिटांत डोळ्यांवर ताण येतो. १९२० बाय १०८० चा आयपीएस पडदा मागा. घरात वयस्कर माणूस वापरणार असेल तर यासाठी थोडे पैसे जास्त द्यायलाही हरकत नाही.

नवाच हवा असेल तर बजेट पस्तीस-चाळीस हजारांकडे न्यावं लागेल. तिथे आय३-१२१५यू किंवा त्याच्या पुढचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आणि रॅमचा एक स्लॉट मोकळा आहे याची खात्री, एवढं पाहा. रायझन प्रोसेसरच्या नावांनी फसू नका. रायझन ३ ७३२०यू हा २०२२ मध्ये आला, नावात सात हजारांचा आकडा आहे, पण आतली रचना २०१९ ची आणि त्यासोबतची रॅम सोल्डर केलेलीच असते. क्रोमबुकला आता दहा वर्षं अपडेट मिळतात आणि निव्वळ नेटवरच्या कामाला ते चांगलं आहे. पण ई-निविदा भरणाऱ्याला किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्या वकिलाला ते उपयोगाचं नाही.

आणि घरात एखादा जुना लॅपटॉप पडून असेल तर बाजारात जाण्याआधी तो उघडून दाखवा. त्यात फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा. नुसत्या एवढ्याने मशीन पुन्हा उभं राहताना मी अनेक घरांत पाहिलं आहे. विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्स मिंट टाका, लिब्रेऑफिस टाका. दोन्ही फुकट आहेत, दोन्हींत मराठी लिहिता येतं, आणि आई-वडिलांच्या रोजच्या कामाला ती पुरतात.

आता एक विनंती, आणि ती लॅपटॉप घेणाऱ्यांना नाही. हा लेख वाचणाऱ्यांत आयटी कंपन्यांत काम करणारे अनेक आहेत, काही जण तर यंत्रांची जबाबदारी असलेल्या विभागातच आहेत. तुमच्या ऑफिसातली जुनी मशीन निघतील तेव्हा डिस्क पुसाच, पण बायोसचा पासवर्ड काढा आणि कंपनीच्या नोंदणीतून त्या मशीनचा सिरियल नंबर वगळा. तुमच्याकडे ते काही मिनिटांचं काम आहे. ते राहून गेलं तर लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या मुलीच्या वडिलांनी जमवलेले वीस हजार रुपये एका लॉगिनच्या पडद्यावर अडकतात, आणि तो पडदा उघडण्याची चावी जगात फक्त तुमच्याकडे असते.