शौर्याला जोड हवी नित्य सरावाची

१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या आणि त्यांच्याच शेजारी सुमारे चौदाशे टन स्फोटके. आगीशी झुंजताना अग्निशमन दलाच्या ६६ जणांनी प्राणार्पण केले. ३१ मे २०१६ रोजी उत्तररात्री वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात तसाच वणवा पेटला. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह भांडाराच्या अग्निशमन दलाचे अनेक कर्मचारी त्यात कामी आले.

या वीरांपुढे मस्तक नम्र होतेच. परंतु केवळ श्रद्धांजली वाहून समाजाचे कर्तव्य संपते काय?

धैर्य असूनही सरावाअभावी काय घडते, हे अमेरिकेच्या नौदलाने मोठी किंमत मोजून अनुभवले आहे. २९ जुलै १९६७ रोजी ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवर इंधन पेटले. दीड मिनिटातच पहिला बॉम्ब फुटला आणि प्रशिक्षित अग्निशमन पथक जवळजवळ संपूर्णच नष्ट झाले. मागे राहिलेले खलाशी शूर होते, पण अशिक्षित होते. एकीकडे फेस मारला जात होता आणि दुसरीकडे पाण्याच्या झोताने तोच वाहून जात होता. पेटते इंधन खालच्या मजल्यांवर उतरले. १३४ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर प्रत्येक खलाशाला आग विझविण्याचे शिक्षण देण्याचा दंडक त्या नौदलाने घातला.

तरीही १२ जुलै २०२० रोजी सॅन डिएगोच्या धक्क्यावर दुरुस्तीसाठी उभी असलेली ‘बॉनहोम रिचर्ड’ ही युद्धनौका पेटली आणि चार दिवसांहून अधिक काळ जळत राहिली. नौका अखेर मोडीत काढावी लागली. चौकशीत उघड झाले की, त्याआधीच्या सलग १४ सरावांत आगीच्या मुळाशी ठरलेल्या वेळेत पोहोचणे पथकाला जमले नव्हते. सराव झाले होते. त्यांतील अपयश मात्र कोणी मनावर घेतले नव्हते.

आपल्यासाठी बोध येथेच आहे. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’वर नौसैनिकांना अग्निशमनाचे उत्तम शिक्षण मिळते. परंतु एकदा घेतलेले शिक्षण पुरत नाही. प्रत्येक भांडारात, प्रत्येक नौकेवर पूर्वसूचनेविना, मध्यरात्री, धुरात आणि काळोखात सराव व्हावा. पथकप्रमुखच पडला असे गृहीत धरून व्हावा. त्यातील उणीव लपविणारा दोषी आणि दाखवून देणारा हितकर्ता मानला जावा. संरक्षण खात्याच्या अग्निशमन दलातील नागरी कर्मचारीही सैनिकांइतकाच धोका पत्करतो. साधने, प्रशिक्षण आणि सन्मान यांत त्याला दुय्यम लेखणे अन्यायाचे आहे.

संकट आल्यावर जागे होणारी शक्ती राष्ट्राला तारू शकत नाही. ती नित्यसिद्धच असावी लागते. रोजच्या एका तासाचे मोल जाणणाऱ्या कार्यकर्त्यांना हे वेगळे सांगावयास नको. हुतात्म्यांची खरी स्मृती पुष्पचक्रात नसते. त्यांच्या जागी उभा राहिलेला तरुण आग विझवून सुखरूप घरी परतावा, यातच ती आहे.