बांधावरचे गमबूट

गावच्या घरी पडवीच्या कोपऱ्यात काळ्या गमबुटांची एक जोडी उभी असते. थोरल्या काकांची. लावणी सुरू झाली की काका सकाळचा चहा घेऊन ते बूट चढवतात, डोक्याला टोपी, हातात छत्री, आणि बांधावर जाऊन उभे राहतात. बांधावर हं, चिखलात नाही. चिखलात वाकून तरवा लावणाऱ्या आठ-नऊ बायकांपैकी एकीच्याही पायात काही नसतं. मला आठवतंय तेव्हापासून हे चित्र असंच आहे. आणि खोटं कशाला बोलू, त्यात काही उलटंपालटं आहे हे मला गेल्या वर्षीपर्यंत दिसलंही नव्हतं.

गेल्या वर्षी जुलैत आमच्याकडे लावणीला येणाऱ्या एक काकी आजारी पडल्या. (नाव लिहीत नाही, घरच्यांना कळेलच.) ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की उभं राहवेना. पावसाळी ताप म्हणून तीन दिवस अंगावर काढला. चौथ्या दिवशी लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, तेव्हा गाडी करून गोव्याला बांबोळीला नेलं. लेप्टो! मूत्रपिंडं थकली होती, तीन वेळा डायलिसिस करावं लागलं. वाचल्या. पण यंदा लावणीला आल्या नाहीत, आणि पुढेही येतील असं वाटत नाही.

गणपतीत सगळे जमलो तेव्हा विषय निघाला. मी म्हटलं, आपण सगळ्यांना चांगले बूट घेऊन देऊ. त्यावर पंक्तीतून उत्तर आलं, "अरे, त्यांना सवय असते."

हा लेख या एका वाक्यावर आहे.

कसली सवय? पायाची कातडी जाड होते, तळव्याला भेगा पडतात, काटा लवकर रुतत नाही. ती सवय. पण लेप्टोच्या जंतूला जाड कातडीशी काही देणंघेणं नाही. तो उंदरा-घुशींच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्या मुतातून पाण्यात उतरतो आणि कापलेल्या, खरचटलेल्या, भिजून नरम झालेल्या कातडीतून आत शिरतो. आता सहा-सात तास पाण्यात राहिलेला पाय डोळ्यांसमोर आणा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, तळव्याला भेगा, घोट्यापाशी कोयती लागलेली. त्या जंतूला याहून चांगलं दार कुठे मिळणार? म्हणजे ज्याला आपण सवय म्हणतो त्याच भेगा त्याची वाट आहेत.

२६ जुलै २००५ आठवतोय? मुंबईतले माझे सगळे नातेवाईक त्या दिवशी एकदा, फक्त एकदा, कमरेइतक्या पाण्यातून घरी आले. पुढे शहरात लेप्टोची साथ आली आणि आम्ही सगळे लेप्टोतज्ज्ञ झालो. कोणी कुठली गोळी घ्यायची, पाय डेटॉलने धुवायचे की साबणाने, यावर फोनवर तास तास चर्चा. ज्या घरात एका संध्याकाळच्या पाण्याने एवढी धावपळ झाली, त्याच घरात पंचवीस-तीस दिवस रोज त्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या बाईबद्दल "सवय असते" म्हटलं जातं. आरोग्य खात्याची माणसं आठवड्याला एकदा घ्यायच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देऊन जातात, ते चांगलंच आहे. पण गोळी सरकारची आणि शेत आमचं. आम्ही काय केलं?

तर, मी काय केलं तेही सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे.

काकी दवाखान्यात असतानाच मी तालुक्याच्या बाजारात गेलो आणि साडेतीनशेला एक अशा गमबुटांच्या पाच जोड्या उचलल्या. दुकानात आठ, नऊ, दहा एवढीच मापं होती. मी पाचही आठ नंबरच्या घेतल्या. बायका लाजत, हसत ते बूट घालून कुणग्यात उतरल्या. अर्ध्या तासात पाचही जोड्या बांधावर! एक वयस्कर बाई म्हणाली, "बाबा, पाय भायर येता आणि बूट थंयच रवता." तोंडावर बोलली नाही, पण म्हणायचं असणार की हे पुण्याचं शहाणपण पुण्यालाच ठेव. काकांचा चेहरा तर बघण्यासारखा होता. "सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. चिखलणी केलेल्या कुणग्यात ढगळ बूट चालत नाही. पाय उचलला की चिखल बूट खाली ओढतो, वरून पाणी शिरतं, मग तो बूट नसून बादली होते. चार नंबरच्या पायात आठ नंबरचा बूट दिल्यावर दुसरं काय होणार? पण यावरून "बायकांना बूट चालत नाहीत" असा निष्कर्ष काढणं म्हणजे नातवाला आजोबांचा चष्मा लावून पोराला वाचता येत नाही म्हणण्यासारखं आहे. जपानही भातखाऊ देश. तिथे लावणीसाठी वेगळे बूट मिळतात. पातळ, लवचिक रबराचे, पोटरीला मोज्यासारखे घट्ट बसणारे, घोट्यापाशी आवळायला पट्टी असलेले. चिखल त्यांना ओढून काढू शकत नाही. म्हणजे अडचण चिखलाची नाही, मापाची आहे. आमच्या बाजारात चार नंबरचा गमबूट नाही, कारण तो कुणी मागत नाही. चार नंबरचा पाय असलेली बाई स्वतःसाठी बूट विकत घेत नाही, आणि तिला कामावर बोलावणारा आठ नंबरचा असतो.

आणि लावणी म्हणजे सगळी शेती नव्हे! लावणी एक महिना. बाकीचे अकरा महिने गोठा कोण साफ करतं? शेणाच्या खड्ड्यात कोण उतरतं? गुरांना गवत कोण कापतं, मेरेवरची झुडपं कोण तोडतं, काळोख पडल्यावर पाण्याची मोरी कोण बघून येतं? या कामांना साधा, मापाचा गमबूट पुरतो, त्यात काही अडत नाही. तिथेही अनवाणीच चाललंय. आमच्या भागात फुरसं भरपूर. छोटा, मातीच्या रंगाचा साप, पालापाचोळ्यात पडून असतो आणि घोट्याच्या आसपास चावतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली. वर्षाला सरासरी ५८,०००. त्यातली बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. गमबूट म्हणजे चिलखत नव्हे, घोणशीचे दात लांब असतात, आणि गवत कापताना हातालाही दंश होतो. तरी घोट्यावर रबराचा जाड थर असणं आणि नसणं यात फरक आहे, एवढं कळायला अभ्यास लागत नाही.

बरं, चांगला बूट म्हणजे कुठला? साडेतीनशेच्या अनुभवानंतर मी बरीच दुकानं पालथी घातली, दुकानदारांचं डोकं खाल्लं. ज्यांची गावी शेती आहे त्या ब्लॉगर मित्रांच्या कामी यावं म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, बाजारातले बहुतेक "रबरी" बूट रबराचे नसतातच, पीव्हीसीचे असतात. पीव्हीसीचा बूट साच्यात एकाच वेळी ओतलेला असतो, त्यामुळे पुढून-मागून साच्याची एक रेघ दिसते, आणि नवा असताना प्लॅस्टिकचा उग्र वास येतो. खरा रबरी बूट थरांवर थर बसवून करतात, त्यावर पट्ट्यांचे जोड दिसतात. दुकानात बूट हातात घेऊन बोटांच्या मागे, जिथे पाऊल दुमडतं तिथे, चांगला वाकवा. घडीची पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर तो बूट पुढच्या वर्षी तिथेच फाटणार. रबर वाकतं आणि मुकाट्याने परत येतं. म्हणून चालण्या-वाकण्याच्या कामाला रबर बरं. मात्र डिझेल, रॉकेल, तेल यांनी रबर फुगतं, उन्हाने चिरतं. पॉवर टिलर चालवणाऱ्याला जाड पीव्हीसीच बरा, त्यातही नायट्राइल मिसळलेला मिळाला तर उत्तम. आयएसआयची खूण बघा. रबरी बुटांना आयएस ५५५७, पीव्हीसीच्या बुटांना आयएस १२२५४. दुकानदार "सगळे सारखेच" म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

आणखी एक, जे मला एका सायकलवाल्याने शिकवलं. रबरी बुटाला काटा लागून भोक पडलं तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पंक्चरचं सोल्युशन लावून तो दुरुस्त होतो. पीव्हीसीवर ते सोल्युशन नीट धरत नाही, दोन दिवसांत ठिगळ सुटतं. ज्या गावात पंक्चरवाला आहे पण बुटाचं दुकान वीस किलोमीटरवर आहे, तिथे ही गोष्ट किमतीपेक्षा मोठी.

तळ बघा. खाचा खोल हव्यात, आणि त्यांच्यात अंतरही हवं. बारीक नक्षीच्या खाचांत लाल माती अडकून बसते आणि तळ ओल्या साबणासारखा होतो. टाच वेगळी उठलेली हवी, बांधावरून उतरताना तीच धरते. उंचीचं मात्र "जितका उंच तितका चांगला" असं नाही. उकिडवं बसून गवत कापणाऱ्या बाईला गुडघ्यापर्यंतचा बूट मांडीमागे रुततो, ती तो काढूनच टाकणार. तिला पोटरीच्या मध्यापर्यंतचा द्या. माप घेताना आत जाडसर सुती मोजा घालून घ्या, आणि पाऊल उचलल्यावर टाच आत सरकत नाही ना ते बघा. मोजे दोन जोड द्या, कारण घामाने भिजलेल्या मोज्यात तासन् तास पाय राहिला तर चिखल्या बुटाच्या आतच होतात, आणि मग काकांना बोलायला आणखी एक मुद्दा! संध्याकाळी बूट धुऊन सावलीत दोन काठ्यांवर उलटे. चुलीजवळ नाही, पत्र्यावर उन्हात नाही. सकाळी घालण्याआधी झटकायचे, विंचवालाही कोरडी जागा आवडते. फवारणीच्या वेळी पँट बुटाच्या बाहेर ठेवायची, आत खोचली की औषध ओघळून सरळ बुटात.

आता पैशांचं. मला मिळालेली सगळ्यात चांगली जोडी नऊशे रुपयांची होती. आमच्याकडच्या मजुरीने तीन दिवसांचे पैसे. काळजीने वापरली तर ती दोन पावसाळे तरी जायला हवी. साडेतीनशेच्या पाचांपैकी तीन जोड्या दिवाळीपर्यंत फाटल्या, म्हणजे स्वस्तही नव्हत्याच. आपण (मी धरून) सिंहगडावर दोन तास चढायला चार-पाच हजारांचे बूट घेतो, त्यांच्या तळव्यावर सविस्तर पोस्ट लिहितो, आणि त्यावर चाळीस प्रतिक्रिया येतात. आपलं भात ज्या पायांनी लावलं त्यांना नऊशे जास्त होतात?

चुलतभावाचा मुद्दा असा, की दोन-चार वर्षांत लावणीचं यंत्र येईल, कशाला खर्च? यंत्र आमच्या टेकडीवरच्या वीतभर कुणग्यांत वळणार कुठे हे त्याने सांगावं. आणि येईल तेव्हा येईल, जून दर वर्षी येतो.

दुसरा मुद्दा, "दिले तरी घालत नाहीत, घरच्या पोरांना देतात." देऊ देत की! त्या पोराचा पायही पायच आहे. आणि घालत नाहीत हे खरं असेल तर का घालत नाहीत ते विचारावं. मी यंदा मे महिन्यात विचारलं. उत्तरं अशी: ढगळ होतात, जड आहेत, बाकीच्या हसतात, आणि एकीचं, "मालक बांधार रवान बघतत, आमी कशी घालतलव?" पहिल्या दोन गोष्टी दुकानात सुटतात. शेवटची नाही. गमबूट ही आमच्या गावात मालकाची खूण होऊन बसली आहे. गंमत म्हणजे ही वस्तू मुळात शेतकऱ्यासाठीच लोकप्रिय झाली. हायरम हचिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने गुडइयरच्या रबराचा परवाना घेऊन १८५३ साली फ्रान्समध्ये कारखाना काढला, आणि तिथले शेतकरी, जे तोवर लाकडी खडावांत शेतात राबत होते, ते कोरड्या पायांनी घरी येऊ लागले. चिखलातल्या माणसाचा बूट आमच्याकडे येईपर्यंत बांधावर कसा चढला, कुणास ठाऊक.

म्हणून थोरल्या काकांना एक विनंती. (ते हे वाचतात, धाकटा त्यांना मोबाइलवर मोठी अक्षरं करून देतो. रागावतील, फोन येईलच.) काका, पुढच्या जूनमध्ये पहिल्या दिवशी बूट तुम्ही स्वतः वाटा. मी वाटले तर ती पुण्याची हौस होते. तुम्ही वाटलेत तर घालायला परवानगी आहे असा अर्थ होतो. आणि एक दिवस तुमचे बूट घालून बांधावर न थांबता कुणग्यात उतरा, म्हणजे माप का लागतं ते कळेल. राग धरू नका.

बाकीच्यांसाठी: मे महिन्यात मी वर्तमानपत्रावर पावलं काढून मापं घेतली आहेत. चार नंबर पाच जणी, पाच नंबर तीन, तीन नंबर एक. तीन नंबर कुठे मिळत नाही, कोल्हापूरला एका दुकानदाराने शाळेच्या मुलांच्या बुटांत बघतो म्हटलंय. आठ हजार शंभर रुपये होतात, आपण सहा घरं. काकींचं माप यात धरलेलं नाही. त्यांचा चार नंबरचा जोड मी दिवाळीतच नेऊन दिला, गोठ्यात जायला.