कानाची साक्ष

धूर दिसला म्हणजे अग्नि असलाच पाहिजे, हें अनुमानाचें उदाहरण मीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. परंतु समोर आहे तो धूर कीं धुकें, हें अगोदर नीट पाहावें, एवढी गोष्ट मनुष्य सहज विसरतो. शिकविणाराहि विसरतो, याचा प्रत्यय मला नुकताच एका मोटारीच्या निमित्तानें आला.

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडांत राहतो. त्याच्यापाशीं १९६५ सालची एम. जी. बी. नांवाची दोन माणसांची उघडी मोटार आहे. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत या जातीच्या पांच लाखांहून अधिक गाड्या जोडल्या गेल्या. तो कारखाना १९८० मध्येंच बंद पडला; शौकीन लोक मात्र त्या गाड्या अजून जिवापाड जपतात. विद्यार्थ्यानें लिहिलें, “गुरुजी, वेग तीस मैलांवर गेला कीं जात्यासारखी घरघर ऐकूं येते. कारागीर म्हणतो, गिअरबॉक्स गेली, बदलावी लागेल. खर्चाचा आंकडा ऐकून गाडी विकून टाकावी असें वाटूं लागलें आहे.”

खर्च मोठा असण्याचें कारण असें कीं, या गाडींत गिअरची पेटी खालून सुटत नाहीं; ती काढावयाची तर इंजिनहि उचलावें लागतें. यंत्रविद्या मला येत नाहीं. तरी त्यानें पाठविलेलें दुरुस्तीचें पुस्तक दोन दिवस वाचून मींहि निदान ठोकून दिलें: पेटींतील खालच्या दंडाचें बेअरिंग झिजलें असावें. त्यावर त्याचें एका ओळीचें उत्तर आलें, “गुरुजी, अन्वय दिसला, व्यतिरेक कोठें आहे?”

मी ओशाळलों. कारण असेल तेथें कार्य असणें हा अन्वय. कारण नसेल तेथें कार्यहि नसणें हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्यावांचून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं. मग आम्हीं दोघांनीं मिळून परीक्षेचा क्रम आंखला.

वाचकहो, या पेटीची रचना थोडक्यांत अशी. इंजिनाची शक्ति क्लचमधून पहिल्या दंडावर येते. तो दंड आपल्या खालच्या दंडास सदैव फिरवितो. यासच कारागीर लेशाफ्ट म्हणतात. लेशाफ्टवरून शक्ति मुख्य दंडावर व तेथून मागच्या चाकांकडे जाते. चवथ्या गिअरांत मात्र पहिला व मुख्य हे दोन दंड सरळ जोडले जातात. तेव्हां लेशाफ्ट फिरतो, पण त्यावर भार नसतो.

पहिली परीक्षा गाडी उभी ठेवून. गिअर न्यूट्रलमध्यें, इंजिन चालू, क्लचवरून पाय काढलेला. अशा वेळीं घरघर असेल आणि क्लच दाबल्यावर ती शमेल, तर दोष पहिल्या दंडाच्या किंवा लेशाफ्टच्या बेअरिंगांत. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज उठेल, तर क्लच सोडविणाऱ्या कार्बनच्या बेअरिंगाकडे पाहावें. ही गाडी दोन्ही वेळीं शांत होती.

दुसरी परीक्षा रस्त्यावर. पहिल्या तीन गिअरांत आवाज आणि चवथ्यांत शांतता, तर लेशाफ्टवर संशय धरावा. एकाच गिअरांत आवाज, तर त्या गिअरचे दांते पाहावे. परंतु १९६५ च्या पेटींत पहिल्या गिअरचे दांते सरळ कापलेले असतात. त्याचा हुंकार हा स्वभाव आहे, विकार नव्हे. या गाडींत तीस मैलांच्या वेगास तिसऱ्या व चवथ्या गिअरांत घरघर अगदीं सारखी होती. माझें निदान येथेंच कोसळलें.

तिसरी परीक्षा रिकाम्या, सरळ रस्त्यावर. वेग आल्यावर गिअर न्यूट्रलमध्यें टाकला; इंजिन बंद न करितां मंद चालूं दिलें. घरघर राहिली, आणि वेगाबरोबर हळूहळू उतरली. म्हणजे ती इंजिनाच्या नव्हे, चाकांच्या मागून चालत होती. तरीहि पेटी निर्दोष ठरली नाहीं. कारण मुख्य दंड चाकांबरोबर तेव्हांहि फिरतच असतो.

म्हणून चवथी. वाहतूक नाहीं असें पाहून त्यानें गाडी सौम्यपणें उजवीकडे वळविली, तों घरघर वाढली. डावीकडे वळविली, तों कमी झाली. पेटीस डावें-उजवें कळत नाहीं. उजवीकडे वळतांना भार डाव्या चाकांवर पडतो. मग त्यानें गाडी भक्कम आधारावर उचलून पुढचें डावें चाक हातानें फिरविलें व दुसरा हात त्याच्या स्प्रिंगवर ठेविला. बोटांना खरखर लागली. उजव्या चाकाच्या स्प्रिंगवर कांहींच नाहीं. चाकाचें बेअरिंग बदलल्यावर गाडी मुकाट्यानें चालूं लागली. पेटीस कोणी हातहि लाविला नाहीं.

कारागिराची ती लबाडी होती, असें मी म्हणत नाहीं. पुढच्या चाकाचा आवाज पत्र्यांतून फिरून नेमका गिअरच्या दांड्यापाशीं ऐकूं येत होता. कान खोटें बोलले नाहींत. त्यांनीं सांगितलेल्या स्थळास आम्हीं कारण समजलों. खरें भय निराळेंच होतें. साठ वर्षांची पेटी उघडली असती, तर तींत कांहींतरी झिजलेलें सांपडलेंच असतें, आणि तेवढ्यानें निदान खरें ठरलें असें सर्वांनीं मानलें असतें. पैसा गेला असता, घरघर राहिली असती, आणि तें धोक्याचें चाक तसेंच रस्त्यावर धांवत असतें.

घरांतील पंखा, पाण्याचा पंप, फार काय, मुलाचा खोकला, यांविषयींहि आपण असेच पहिल्या तर्कास सिद्धान्ताच्या आसनावर बसवितों. खर्चाचा किंवा रागाचा निर्णय करण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: हें कारण दूर असतां तें कार्य घडतें कीं नाहीं? मला तो माझ्याच विद्यार्थ्यानें विचारला. शिकविलेलें इतक्या वर्षांनीं व्याजासह परत आलें, याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?