पक्ष्यांचा ताळेबंद

मार्च महिना उजाडला की व्यापारी घरांत लगबग सुरू होते. गोदामातील माल मोजायचा, येणे-देणे जुळवायचे, रोजमेळ आणि खतावणी ताडून पाहायची आणि ३१ तारखेला शिल्लक काढायची. नेमक्या याच दिवसांत पवई तलावाच्या काठीही एक मोजणी करता येते. तेथील माल मात्र आकाशात असतो आणि दिवसागणिक उत्तरेकडे रवाना होत असतो.

मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी १८९१ च्या सुमारास बांध घालून हा तलाव तयार झाला. त्याचे पाणी पुढे पिण्यास अयोग्य ठरले. कालांतराने शेजारी आयआयटी आली, नंतर उंच इमारती आल्या, पाण्यावर जलपर्णी पसरली. तरीही थंडीचे पाहुणे येथे येतच राहिले. भोवत्या हा शिकारी पक्षी पाणवनस्पतींच्या वर अगदी कमी उंचीवरून संथपणे घिरट्या घालताना दिसतो. पांगारा आणि काटेसावर फुलली की गुलाबी अंगाच्या भोरड्या थव्याने मधावर उतरतात. चैत्राच्या आगेमागे हे सारे आपापल्या वाटेला लागतात. भोरड्यांची घरटी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांत असतात.

शिकारी पक्ष्यांची मोजणी भल्या पहाटे करून फारसे साधत नाही. ऊन तापून जमिनीवरची हवा वर चढू लागली की मोठे पक्षी तिच्यावर स्वार होतात, गोल गोल फिरत उंची गाठतात आणि मग पंख फारसे न हलवता पुढे सरकतात. म्हणून सकाळी दहानंतरची वेळ उत्तम. पवईत अडचण येते ती घारींची. त्या येथे बारमाही आहेत आणि एकच घार तासाभरात दहा वेळा डोक्यावरून जाते. प्रत्येक फेरी मोजली, तर एकच हुंडी दहा वेळा जमा धरल्यासारखे होईल. जाणकार यासाठी समोरची एखादी इमारत किंवा टेकडी ही मनातल्या मनात सीमा ठरवतात आणि ती ओलांडून सरळ पुढे गेलेला पक्षीच प्रवासी म्हणून मोजतात. थवा मोठा असेल तर दहांचा एक गट नजरेत बसवून असे किती गट आहेत ते पाहतात. किती वाजता सुरुवात केली, किती वाजता थांबलो, हेही लिहितात. काहीच दिसले नाही तर निरंक लिहितात. ही निरंक नोंद फार मोलाची असते, कारण ‘पाहिले आणि नव्हते’ व ‘पाहिलेच नाही’ यांतील फरक तिच्यामुळेच कळतो.

वसंतातील आकड्याला एक वेगळे वजन आहे. शरद ऋतूत दक्षिणेकडे येणाऱ्या थव्यांत त्या वर्षी जन्मलेली पिल्लेही असतात. तो आकडा ढोबळ आवकेचा. हिवाळ्यातील उपासमार, अपघात, विजेच्या तारा, विषबाधा या सगळ्यांतून वाचून जे परत निघतात, ते वसंतात दिसतात. पुढच्या पिढीचे मुद्दल तेवढेच.

हे मुद्दल न मोजल्यास काय होते, हे गिधाडांनी दाखवून दिले. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची मोजणी केली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा मोजले, तेव्हा बहुतेक गिधाडे नाहीशी झाली होती. जुना आकडा हाताशी होता, म्हणूनच तूट उघडकीस आली. १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे हजारामागे एक या प्रमाणात उरली. २००४ मध्ये कारण निश्चित झाले ते डायक्लोफिनॅक या औषधाचे. आजारी, म्हाताऱ्या गुरांच्या वेदना शमाव्यात म्हणून ते दिले जाई आणि त्या गुराचे शव खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे त्याने निकामी होत. हेतू दयेचाच होता. परंतु दयेचाही हिशेब ठेवावा लागतो, हे जीवदया मानणाऱ्या, पांजरपोळांना देणगी देणाऱ्या घरांनी विशेषत्वाने ध्यानात घ्यावे असे आहे. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्यायही सापडला. आपली देणगी जाते तेथे गुरांना कोणते औषध दिले जाते, एवढी चौकशी कोणीही करू शकतो.

आज अशा मोजणीचा भार सामान्य माणसांनीच उचलला आहे. पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी २०४ जाती घटलेल्या आढळल्या. घट सोसणाऱ्यांत शिकारी पक्षी पुढे आहेत. मोर आणि कोकीळ यांची संख्या मात्र वाढली आहे.

या कामाला दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. गच्चीवरची पंधरा मिनिटे, एक वही आणि प्रामाणिक आकडा पुरतो. वही लिहिण्याची सवय व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेच. नातवंडांना मार्च-एप्रिलमध्ये सुट्टीच्या दिवशी तलावाकाठी न्यावे, तारीख, वेळ आणि संख्या त्यांच्याच हाताने लिहून घ्यावी आणि ई-बर्डसारख्या खुल्या नोंदवहीत ती भरावी. पवईवर या मोसमातला शेवटचा भोवत्या कोणत्या तारखेला दिसला, एवढी एकच ओळ दरवर्षी लिहिली गेली, तरी दहा वर्षांनी तिची खतावणी मांडता येईल.