स्वाध्याय, शिकवणी आणि सोयाबीन

मानोरा वा रिसोड तालुक्यातील मुलाने 'नीट' परीक्षेसाठी घरी अभ्यास करावा की अकोला-लातूरच्या शिकवणी वर्गाची वाट धरावी, हा प्रश्न वरकरणी आवडीनिवडीचा भासतो. वस्तुतः तो सोयाबीनच्या भावाचा आहे. राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च एक लाख रुपये धरला (हा अंदाज कंजूषच म्हणावयाचा), तर २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने वीस क्विंटलांहून अधिक सोयाबीन विकावे लागते; आणि त्या हंगामात बाजाराने अनेकांना तो हमीभावही दिला नाही.

क्रमिक पुस्तके विनामूल्य उपलब्ध आहेत, तेव्हा स्वाध्याय पुरेसा आहे, असे म्हणणारे अर्धसत्य सांगतात. १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडविण्याचा सराव आणि चूक दाखविणारा शिक्षक पुस्तकात सापडत नाही. हे काम कनिष्ठ महाविद्यालयाचे. पण तेथील हजेरी अनेक ठिकाणी कागदावरच उरली आहे. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, परंतु त्याच्या दाराशी जाणारा रस्ता खाजगी वर्गातून जावा, हा कसला न्याय?

कनिष्ठ महाविद्यालयांतच विनाशुल्क सराव वर्ग व्हावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यात लावून धरली पाहिजे. तोवर कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाने चार सोबती जमवून, जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन घरीच अभ्यास करावा. बापाने शिकवणीसाठी सावकाराचे दार ठोठावू नये.